पर्समधली सुरी

मैत्रिणींनो, दुसऱ्याची पर्स उघडू नये हे मलाही कळतं. पण त्या दिवशी सकाळी दूधवाला दारात उभा, माझ्याजवळ नुसती पाचशेची नोट, आणि आमच्या धाकट्या नणंदबाई न्हाणीघरातून ओरडून सांगताहेत, "वहिनी, माझ्या पर्समधून घ्या की!" म्हणून उघडली. रुमाल निघाला, कंगवा निघाला, बसचा पास निघाला आणि सगळ्याच्या खाली, म्यानात घातलेली सुरी निघाली. जुलैत ती पन्हाळा ते पावनखिंड पायी गेली होती, तेव्हा नेलेली तीच.

दूधवाल्याला पैसे दिले. दूध तापत ठेवलं आणि ते ऊतू गेलं तरी माझं लक्ष नव्हतं. मोहीम होऊन दोन महिने झाले होते. हिशेबाच्या कचेरीत काम करून रोज रात्री साडेआठला घरी येणाऱ्या मुलीच्या पर्समध्ये रानात न्यायची सुरी कशाला?

कशाला ते रात्री कळलं. तेही सांगते. पण आधी कामाचं बोलायचं आणि मग घरचं, असा आपल्या या सदराचा रिवाज आहे. तेव्हा आधी सुरीविषयी. कारण हल्ली मुलंमुली डोंगर चढायला जातात, 'आई, सुरी हवी' म्हणतात, आणि आपण स्वयंपाकघरातली एखादी वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. तसं मुळीच करू नये.

रानात न्यायच्या सुऱ्या दोन तऱ्हेच्या. एक मिटणारी आणि दुसरी न मिटणारी. मिटणारी खिशात मावते, पण तिच्या सांध्यात माती अडकते, आणि पातं अडवणारी कळ नसेल तर काम करता करता ती बोटांवरच मिटते. न मिटणारी सुरी आपल्या विळीच्या जातीची. पातं पक्कं, सांधा नाही, धुवायला सोपी. घेताना एवढं पाहावं:

पातं चार इंचांचं पुरे. दोरी कापायला, काकडी चिरायला, काटकी तासायला त्याहून मोठं लागत नाही. पात्याचं पोलाद मुठीत चांगलं आतपर्यंत गेलेलं असावं. नुसतं बोटभर खोचलेलं असेल तर जोर लावताच मूठ सुटते. मूठ ओल्या हातातून निसटू नये, आणि मूठ व पातं यांच्यामध्ये बोट अडेल असा उंचवटा असावा. धार एकाच बाजूला हवी. दोन्ही बाजूंना धार असली की वरून अंगठा टेकता येत नाही. ते कामाचं अवजार नव्हे. आणि म्यान उलटं धरून झटकलं तरी सुरी खाली पडता कामा नये. दुकानातच झटकून बघा, दुकानदार काही म्हणत नाही.

आमच्या ह्यांनी बहिणीसाठी मागवली ती स्वीडनमधल्या मोरा गावच्या पद्धतीची. तिथला मोठा कारखाना आपला आरंभ १८९१ सालचा सांगतो. दिसायला अगदी साधी, ना नक्षी ना चकाकी. पण आमच्या विळीच्या तोंडात मारील अशी धार!

या सुऱ्यांचं पोलादही दोन प्रकारचं असतं. गंजरोधक, म्हणजे आपलं स्टेनलेस, आणि दुसरं साधं. साध्याला धार चटकन लागते, पण ते गंजतं, आणि लिंबू, कोकम, चिंच लागली की काळं पडतं. पावसाळी मोहिमेला स्टेनलेस बरं. साधं घेतलंत तर वापरून झाल्यावर धुऊन, अगदी कोरडं करून, खोबरेल तेलाचं बोट फिरवा. ओली सुरी चामड्याच्या म्यानात कधी ठेवू नये. चामडं ओल धरून ठेवतं आणि आठ दिवसांत तांबेरे उठतात. धार मात्र वेळच्या वेळी लावावी. बोथट सुरी सुरक्षित असं पुष्कळजणींना वाटतं. खरं उलट आहे. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती घसरते, आणि घसरली की बोट कापतं.

मुलांना देताना चार गोष्टी सांगाव्यात. सुरी काढायची ती बसून, आणि आपला हात पोहोचेल एवढ्या अंतरात दुसरं कुणी नाही हे बघून. धार नेहमी अंगापासून बाहेरच्या दिशेला. मांडीवर धरून काही तासायचं नाही, कारण मांडीच्या आतल्या बाजूनं मोठी रक्तवाहिनी जाते. आणि सुरी हातातून हातात द्यायची नाही. आमच्या आजेसासूबाई सुरी नेहमी खाली ठेवत, मग दुसरीनं उचलायची. हातात दिली तर भांडण होतं म्हणत. भांडणाचं मला ठाऊक नाही, पण बोटं शाबूत राहतात हे खरं.

एवढं करून कापलंच तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबून हात वर धरावा. दहा मिनिटं मध्येच उघडून बघू नये. हळद, कॉफी, चुना काही भरू नये. जखम खोल असेल तर सरळ डॉक्टरांकडे जावं आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारावं.

झालं कामाचं. आता घरचं.

त्या रात्री जेवणं उरकल्यावर मी वाळलेले कपडे काढायच्या निमित्तानं नणंदेला गच्चीवर नेलं आणि विचारलं, "सुरी पर्समध्ये कशी गं?" ती आधी गप्प. मग म्हणाली, "आहे तशीच राहिली." मी म्हटलं, "दोन महिने?" तेव्हा हळूहळू एकेक निघालं. तीन आठवडे एक मोटारसायकलवाला तिच्या मागे होता. बस थांब्यापासून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत, गाडी हळू चालवत. दोनदा 'सोडू का घरी?' म्हणाला. तिनं 'माझ्या मागे येऊ नका' असं स्पष्ट सांगितलं. तरी तिसऱ्या दिवशी हजर.

"अगं, मग घरी सांगायचं नाही?"

"दादाला सांगू नका, वहिनी. नोकरी सोडायला लावतील."

मला उत्तर सुचेना. कारण ती म्हणत होती ते खरं होतं. आमची माणसं वाईट नाहीत, पण काळजी वाटली की आधी मुलीचा उंबरठा बंद करायचा ही आपल्याकडची जुनी रीत. मी स्वतः बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा संध्याकाळच्या लायब्ररीच्या वाटेवर असंच एक टोळकं उभं असायचं. मी आईला सांगितलं, आईनं बाबांना, आणि दुसऱ्या दिवसापासून माझी लायब्ररी बंद. टोळकं तिथंच राहिलं. तेव्हा नणंदेला मी कोणत्या तोंडानं म्हणणार होते की घरी सांगायला हवं होतंस?

खरं सांगू? एक क्षण माझ्याही मनात आलं, राहू दे ती सुरी तिच्याजवळ. मी ती काढून घेतली तर मुलीच्या हातात उरतं काय? पण ती सुरी तिच्या उपयोगी पडेल का, हे मला तरी कुठे ठाऊक होतं! म्हणून रविवारी तिला घेऊन पेठेतल्या एका तालमीत गेले. तिथल्या वस्तादांची नात माझ्या वर्गात आहे. रविवारी सकाळी ते मुलींना मर्दानी खेळ शिकवतात.

वस्ताद हसतील अशी मला भीती होती. ते हसले नाहीत. सुरी हातात घेऊन म्हणाले, "वस्तू चांगली हाय. पण ही लाकूड तासायची." त्यांनी ती बाजूला ठेवली, तेवढ्याच लांबीची लाकडी सुरी नणंदेच्या पर्समध्ये घातली, चेन ओढली आणि पर्स तिच्या खांद्याला अडकवली. नातीला सात-आठ पावलांवर उभं केलं. "मी टाळी वाजवली की हिनं पळत येऊन तुमच्या खांद्याला हात लावायचा. तुम्ही तेवढ्यात सुरी काढायची."

टाळी वाजली. पोरीचा हात खांद्यावर पडला तेव्हा नणंदेचा हात चेनवरच होता. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा चेन उघडली, पण हातात आला कंगवा! आम्ही सगळ्याजणी हसलो. ती हसली नाही. आणि तिला पुढे काय होणार हे आधीच ठाऊक होतं, बरं का. रस्त्यावर कुणी टाळी वाजवून येत नाही.

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीचे पोलीस सार्जंट डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली याच गोष्टीवर एक लेख लिहिला होता. २१ फुटांवरून धावत येणारा माणूस साधारण दीड सेकंदात अंगाला येऊन भिडतो, असं त्यांनी दाखवून दिलं. ते लिहीत होते कमरेला पिस्तूल लावणाऱ्या पोलिसांसाठी. आपल्या पर्सला तर चेन असते, आत रुमाल असतो आणि भाजीची यादी असते.

मग वस्तादांनी दुसरा प्रयोग केला. लाकडी सुरीच्या कडेला तांबडा खडू घासला, ती आधीपासूनच नणंदेच्या हातात दिली आणि एका मुलाला सांगितलं, "तू फक्त तिचं मनगट धर." दोघांच्या अंगात पांढरे सदरे. अर्ध्या मिनिटात झटापट संपली. मुलाच्या सदऱ्यावर खडूच्या चार रेघा होत्या. नणंदेच्या अंगावर सहा. मनगटावर, कोपराच्या खाली, आणि एक पोटावर. वस्ताद मला म्हणाले, "खडूच्या जागी खरी धार असती तर दवाखान्यात आधी कुणाला न्यायचं, सांगा बाई."

मी रोज हातात खडू धरते, पण खडूची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

बोथट हत्यारानं शिकायचं ही युक्ती नवी नाही. आपल्याकडे घोडेस्वारांच्या सरावाची बोथाटी असे. लांब भाला, पण टोकाला पात्याऐवजी कापडात गुंडाळलेला लाकडी गोळा, आणि तो रंगात बुडवलेला. ज्याच्या अंगावर रंग, त्याला लागलं असं समजायचं. फरी-गदका तसाच. एका हातात ढाल आणि दुसऱ्या हातात तलवारीऐवजी मऊ वेष्टनाची काठी. आता रबराच्या आणि लाकडाच्या सुऱ्या मिळतात, बुक्क्यांचा सराव करायला हातात घालायच्या छोट्या गाद्या मिळतात. त्यांचा उपयोग लढायला नाही, आपल्याला काय जमतं आणि काय जमत नाही ते न रक्त सांडता कळायला.

असल्या साधनांत एक छोटी कांडीही असते, किल्ल्यांच्या जुडग्याला लावायची. कुबोटान म्हणतात तिला. जपानहून अमेरिकेत गेलेले कराटे शिक्षक ताकायुकी कुबोटा यांनी ती काढली आणि १९७०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्त्री-पोलिसांना ती वापरायला शिकवली. साधारण साडेपाच इंच लांब, फळ्यावर लिहायच्या मार्करएवढी जाड. धार नाही, टोक नाही. तरीही एक ध्यानात ठेवा. ती हातात आधीपासून असेल आणि हात सवयीचा असेल तरच कामाची. नाहीतर ती नुसती किल्ल्यांची कांडी.

वस्तादांनी चार रविवारांत नणंदेला शिकवलं ते असं. अंतर राखायचं, कुणी जवळ येतोय असं वाटलं की आधी बाजू बदलून दिव्याच्या, दुकानाच्या, माणसांच्या दिशेला जायचं. पोटातून ओरडायचं. (हे सगळ्यात अवघड गेलं. आपल्या मुलींना आपण लहानपणापासून हळू बोलायला शिकवलेलं!) मनगट धरलं तर त्याचा अंगठा आणि बोटं जिथं मिळतात त्या फटीकडे हात वळवून झटक्यानं ओढायचा, मूठ तिथंच सैल असते. सुटलं की पळायचं, मागे वळून हिशेब चुकता करायचा नाही. फोनवर ११२ दाबायचा.

हा सराव घरीही करता येतो. पुठ्ठ्याची सुरी कापा, कडेला खडू घासा. आमच्याकडे गुंडाची भूमिका ह्यांच्याकडे आली आणि दोन बनियनं तांबडी झाली. खडू धुतला जातो, काळजी नको. मात्र तोंडावर, डोळ्यांवर वार करायचा नाही, आणि खरी सुरी म्यानात असली तरी सरावाला घ्यायची नाही.

आता कायद्याचं दोन शब्द. २०१६च्या शस्त्रास्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या, खंजीर वगैरे हत्यारांत मोडतात. घरकामाच्या आणि शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलं आहे. म्हणून आपली विळी-सुरी सुखरूप. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सणावाराला, मोर्चाच्या दिवसांत मनाई हुकूम निघतात, आणि त्यांत साधी सुरी जवळ बाळगायलाही बंदी असू शकते. चार इंचांची असली तरी पर्समध्ये ती कशाला, याचं उत्तर मुलीलाच द्यावं लागेल. स्वतःचा जीव वाचवायचा हक्क कायद्यानं दिला आहे; भारतीय न्याय संहितेत तो ३४ ते ४४ या कलमांत सांगितला आहे. पण बचावाला लागेल तेवढंच, त्याहून जास्त इजा करायचा हक्क नाही.

त्याच संहितेचं कलम ७८ मात्र पाठ करून ठेवा. बाईनं नको म्हणून स्पष्ट सांगितल्यावरही पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाणं, तिच्याशी संबंध जोडायचा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे; पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे कारण चालत नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर मी नणंदेला म्हटलं, "आता घरात सांगायचं. तू सांगायचंस, मी शेजारी बसते." ती तयार झाली ती एका अटीवर, नोकरीचा विषय निघाला तर मी गप्प बसायचं नाही.

विषय निघालाच. सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "मग सोड बाई ती नोकरी. पगार तो केवढा!" हे खाली मान घालून बसलेले. तेव्हा मी लायब्ररीची गोष्ट सांगितली. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण ह्या घरात ती कुणाला ठाऊक नव्हती. तृतीय वर्षाला मला पाच गुण कमी पडले आणि एम. ए. राहिलं, हे सगळ्यांना माहीत होतं. का कमी पडले ते मी कधी बोलले नव्हते. सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण सासूबाई म्हणाल्या, "अगं, हळू."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग हे उठले, कपाटातून वही काढली आणि बहिणीला म्हणाले, "कुठल्या दिवशी, किती वाजता, गाडीचा नंबर काय, आठवतंय तेवढं लिही." नंबर तिला तोंडपाठ होता. तीन आठवडे तिनं तो मनात धरून ठेवला होता, बिचारीनं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पोलीस ठाण्यात गेलो. तारीखवार लिहिलेला कागद बघून काम सोपं झालं. त्या माणसाला बोलावून घेतलं गेलं. त्यानंतर तो दिसलेला नाही. पुढे दिसणारच नाही असं मी म्हणत नाही. बस थांब्यावरून आमच्याच बाजूला येणाऱ्या दोघीजणी निघाल्या, आता तिघी मिळून येतात. सासूबाई साडेआठला अजून दारात उभ्या असतात, पण नोकरीचं नाव काढत नाहीत.

सुरी स्वयंपाकघरात खुंटीला आहे. परवा नणंदेनं तिला धार लावून, तेलाचं बोट फिरवून ठेवली. पुढच्या जुलैत पावनखिंडीला मीही येणार असं मी म्हटलंय; हे हसताहेत, पण मी पायताणं बघायला सुरुवात केली आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातल्या मुलींच्या पर्समध्ये काय आहे ते उघडून बघू नका. पण एकदा गच्चीवर कपडे काढायला मात्र न्या. आणि काय बोलणं झालं ते मला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात लोणच्याच्या बरण्यांना बुरशी का धरते ते पाहू.